भरतीची रेघ

सुप्रभा गवंड्याची लेक. नव्या जागेत पाय टाकला की माणसं भिंतीचा रंग बघतात, खिडक्या बघतात. ही आधी जमीन बघायची. ढाळ कुणीकडं आहे, बादली लवंडली तर पाणी कुठं जाऊन साचंल, हे तिला आपसूक दिसायचं. शिरोळकडं कृष्णेच्या काठाला तिचं गाव. बाप घराचा पाया आखायला निघाला की पातळी बघायच्या, पाण्यानं भरलेल्या नळीचं दुसरं टोक हिच्या हातात. "हलवू नगंस, पाणी ठरू दे," एवढंच बाप बोलायचा. पुढं त्याच बापानं तिला बी.एड. केलं, नळी हातातनं सुटली, आणि दिगंबर नावाच्या कॉम्प्युटरवाल्याशी लग्न होऊन ती पार जपानात येऊन पडली.

टोकियोच्या पूर्वेला एदोगावा म्हणून भाग आहे. आपली माणसं तिथं पुष्कळ. नवरे सकाळी टोकियोतल्या हापिसांकडं पांगतात, बायका सायकलीवर एक पोर पुढं, एक पोर मागं बसवून शाळेला सोडतात. पहिल्या आठवड्यातच दिगंबरनं तिला नदी दाखवायला नेलं. गल्लीच्या टोकाला उंच सिमेंटची भिंत, भिंतीला जिना. सुप्रभा जिना चढून वर गेली आणि तिथंच उभी राहिली. पलीकडं नदी होती, पण गल्लीच्या वर. एक मालवाहू होडी घरांच्या खिडक्यांच्या बरोबरीनं निवांत चालली होती.

"अहो, नदी वर आन् घरं खाली?"

"हितं असंच असतंय. जपान्यांनी बांधलंय ते. दोन हजार अकराच्या भूकंपात मी हितंच हुतो, टोकियोतनं चालत घरी आलो. भिंत जाग्यावर हुती."

"माणूस बांधतोय त्याला एक दीस..." असं काहीतरी ती म्हणणार होती, पण नवीन होती. जिना उतरायला लागली.

त्यांची लेक पूर्वी. तिला आधी इथल्या सरकारी जपानी शाळेत घातली. बाई मायाळू होत्या, रागवायच्या न्हाईत. पण पोरीच्या तोंडाला कुलूप लागलं. आधी ती शाळेत बोलंना, मग दुकानात बोलंना, मग घरातबी बोलायची थांबली. काही हवं असलं तर बोटानं दाखवायची आणि फ्रॉकची कॉलर चावून चावून ओली करायची. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका. दिगंबर म्हणाला, होईल सवय. सुप्रभानं मात्र हाय खाल्ली.

मग कुणीतरी विजयकुमार सरांची शाळा सांगितली. एका भारतीय संस्थेची ही सगळ्यात धाकटी शाखा. थोरल्या शाखेला स्वतःची इमारत, मैदान, गाड्या. ही शाखा नदीजवळच्या गल्लीत, जुन्या तीन मजली इमारतीत. खाली पुठ्ठ्याची खोकी करायचा कारखाना, वरच्या दोन मजल्यांवर शाळा. हॉटेलांत तंदूर सांभाळणाऱ्या नेपाळी-गढवाली माणसांची पोरं, कंत्राटावर आलेल्या इंजिनिअरांची पोरं, आणि दुसरीकडं कुठंच जागा न मिळालेली पोरं. दोन-दोन इयत्ता एका खोलीत. खालची यंत्रं चालू झाली की बाकं थरथरायची.

पूर्वी तिथं दोन महिने मुकीच बसली. मग एका सकाळी तिला सोडून सुप्रभा जिना उतरत होती तवा वरनं आवाज आला, "दे माझं खोडरबर! दे म्हणते ना!" ज्याच्याकडं मागत होती ते पोरगं नेपाळी, त्याला अक्षर कळलं नव्हतं. सुप्रभा तिथंच पायरीवर बसून ऐकत राहिली. त्या दिवसापासनं तिच्या डोक्यात एकच बसलं. ही शाळा टिकली तर पोरगी बोलंल. शाळा गेली तर पुन्हा कॉलर चावत बसंल. थोड्याच दिवसांत ती त्याच शाळेत तिसरी-चौथीची बाई म्हणून लागली.

विजयकुमार सर मूळचे पुण्याचे. चांगली नोकरी सोडून शाळेत पडलेले. मुख्याध्यापक तेच, कारकून तेच, आणि शनिवारी बाह्या सरसावून संडास घासणारेबी तेच. माणूस वाईट न्हाई. फक्त कायम कुणीतरी मागं लागल्यासारखा धावायचा.

दोन हजार एकोणीसच्या एप्रिलात संस्थेनं नवा अभ्यासक्रम आणला. पाठांतर बंद. पोरांनी स्वतः बघायचं, मोजायचं, प्रश्न विचारायचे, सापडंल ते मांडायचं. ऐकायला झ्याक. थोरल्या शाखेला त्यासाठी टॅब्लेट आले, मोजमापाच्या पेट्या आल्या, शिकवायला माणसं आली. धाकट्या शाखेला एक जाडजूड फाइल आली आणि कॉम्प्युटरवरनं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मिळालं. त्यात शिकवणाऱ्या बाईचं तोंड उघडं राहून चित्र जे थिजलं ते शेवटपर्यंत. पेट्या मागनं येतील असं सांगितलं होतं. त्या आल्या न्हाईत. निरोप मात्र आला. जुलैत संस्थेच्या नयना मॅडम बघायला येतील, नवा अभ्यासक्रम चालताना दिसला न्हाई तर शाखा बंद.

सरांनी बायकांना जमवलं. बायका म्हंजे सुप्रभा, वरच्या वर्गांची आणखी एक बाई आणि मदतीची सरिता.

"प्रत्येक मुलाला दोन-दोन प्रश्न पाठ करून द्या," सर म्हणाले.

"सर, प्रश्न त्यांनी आपले आपण विचारायचेत म्हणं. फायलीत तसं लिहिलंय."

"आपले आपणच विचारतील की. एकदा पाठ झाले म्हणजे."

सरिता हसली. सर हसले न्हाईत. "ताई, शाखा बंद झाली तर ही मुलं जाणार कुठे, सांगा. तुमची पूर्वी कुठे जाईल?"

सुप्रभानं प्रश्न लिहून दिले. पोरं रोज सकाळी एका सुरात म्हणायला लागली, झाडे हिरवी का असतात, पूल पडत का नाहीत. घोकून घोकून कुतूहल गुळगुळीत झालं.

पण फायलीतला एक धडा तिच्या मनात रुतला होता. "माझा परिसर". आपण राहतो ती जागा किती उंच, किती सखल, ते मोजा. त्यासाठी पेटीत एक यंत्र होतं, आणि पेटी आलेली नव्हती. सुप्रभा एका रविवारी लोखंडी सामानाच्या दुकानात गेली आणि मासे पाळणारे वापरतात तसली पारदर्शक नळी घेऊन आली. नळीत पाणी भरलं, त्यात थोडी निळी शाई घातली, दोन्ही टोकं शेजारी धरली. पाणी हललं, डचमळलं, मग दोन्हीकडं सारखं ठरलं. तिला बापाच्या हाताचा चुन्याचा वास आला.

सोमवारी सकाळी तिनं पोरांना नदीच्या भिंतीवर नेलं. भिंतीच्या माथ्यापासनं पलीकडं पाण्यापर्यंत दोरी सोडली, गाठ मारली. तिथनंच अलीकडं गल्लीपर्यंत दुसरी दोरी सोडली. दोन दोऱ्यांतला फरक म्हंजे नदीचं पाणी गल्लीच्या किती वर. मग तेवढ्या उंचीची खूण भिंतीवर करून ती खूण नळीनं घराघराच्या कुंपणावरनं पुढं पुढं नेत शाळेपर्यंत आणली. एक पोर या टोकाला, एक त्या टोकाला, बाकीची "हलू नको रे, हलू नको" म्हणून ओरडायला. पूर्वी खडू घेऊन खुणा करत होती. आख्ख्या वर्षात पोरं एवढी खुशीत कधी नव्हती.

शाळेच्या दाराशी रेघ आली ती पोरांच्या कमरेशी.

"डायजोबु, मॅडम!" वर्गातला सगळ्यांत उंच जयेश म्हणाला. काही हरकत न्हाई, असं. "एवढ्यात तर मी पोहतो."

सुप्रभाचाबी जीव भांड्यात पडला. कमरेएवढं पाणी तिला नवं नव्हतं. कृष्णेचं पाणी आधी काठच्या मळीच्या रानात शिरतं, मग रस्त्यावर, मग उंबऱ्याशी येऊन थांबतं. माणसाला धान्य माळ्यावर चढवायला, जनावरं सोडायला वेळ देतं. भिंतीपलीकडची नदीबी अशीच समजूतदार असंल असं तिनं धरलं.

समोरच्या घरातली मोरिता आजी कुंड्यांना पाणी घालता घालता हे सगळं बघत होती. पाठीत वाकलेली, पण नजर तीक्ष्ण. झारी खाली ठेवून ती आली आणि रेघेकडं बोट केलं.

"हे काय?"

"नदीचं पाणी, आजी. मुलांनी मोजलं," सुप्रभा आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली.

आजीनं रेघ बघितली, मग पोरांकडं बघितलं आणि जपानी माणसं दुसऱ्याची चूक दाखवताना हसतात तसं कसनुसं हसली. "आत्ता ओहोटी आहे," ती म्हणाली. "दुपारनंतर या."

कृष्णेला कसली आलीय भरती आन् ओहोटी! जन्म नदीकाठी गेला, पण नदी समुद्राच्या एवढी जवळ असली की दिवसातनं दोनदा फुगती हे तिच्या हिशेबात आलंच नव्हतं.

शाळा सुटायच्या वेळी पोरांना घेऊन ती पुन्हा भिंतीवर गेली. सकाळी दिसलेल्या काठच्या पायऱ्या आता दिसत नव्हत्या. पाणी गढूळ, जाड, आवाज न करता भिंतीला घासत चाललेलं. तिनं दोरी सोडली. सकाळी केवढी खाली गेली होती, आता लगेच ओली झाली.

रेघ पुन्हा गल्लीतनं चालत निघाली. सकाळची मस्ती कमी कमी होत गेली. नदीच्या भिंतीपाशीच खूण पोरांच्या डोक्यावर गेली, आणि गल्ली शाळेकडं उतरत गेली तशी ती आणखी वर चढली. मग खडू पूर्वीला पुरंना, जयेशनं घेतला. मग त्यालाबी पुरंना, सुप्रभानं घेतला. शाळेच्या दाराशी येईतो तिला टाचा उंच करून, हात ताणून खूण करावी लागली. कारखान्याच्या दाराच्या चौकटीवरनं रेघ गेली.

पोरं माना वर करून बघत राहिली. आत यंत्रं धडधडत होती.

"मॅडम," पूर्वी म्हणाली. शाळेत ती आईला मॅडमच म्हणायची. "पाणी एवढं वर आहे, तर ते इथे का नाही?"

"मध्ये भिंत आहे म्हणून."

"मग पाऊस पडतो तो कुठे जातो?"

"पंपानं उचलून नदीत टाकतात."

"आणि पंप बंद पडला तर?"

फायलीत मागितला होता तसला खरा प्रश्न त्या शाळेत पहिल्यांदा विचारला गेला, आणि तो विचारला दीड वर्ष मुकी राहिलेल्या पोरीनं. उत्तर दिलं ते आपल्या दारातनं रेघ बघत उभ्या असलेल्या मोरिता आजीनं, कुणी न विचारता; पंप एवढा शब्द तिला कळला असंल. "मी लहान असताना आलं होतं. आम्ही छपरावर बसलो. यायला वेळ लागला नाही." मग म्हणाली, "जायला फार लागला. इथून पाण्याला जायला वाट नाही ना. आणि हे तुम्ही मोजलंत ते रोजचं पाणी. वादळाचं नाही."

दुसऱ्या दिवशी पोरांनी त्या उंचीला निळी चिकटपट्टी लावली. दाराच्या वर, बाहेरच्या भिंतीवर, जिन्यात. जिन्यात ती अर्ध्याच्या बऱ्याच वर गेली आणि मग संपली, कारण तिथनं पुढं माणूस पाण्याच्या वर निघत होता. पोरं जाता-येता पट्टीला हात लावायला उड्या मारायची. "आता मी बुडालो, आता मी निघालो," असा खेळच झाला. कारखान्यातली माणसं विडी ओढायला बाहेर यायची ती पट्टीकडं बघायची आणि पाठ फिरवून उभी राहायची.

दिगंबरला तिनं रात्री जेवताना सांगितलं.

"ह्ये काय नवं हाय व्हय? वॉर्डाच्या पुराच्या नकाशात सगळं निळंच दावलंय," तो म्हणाला. "सगळ्यांस्नी ठावं हाय."

"ठावं हाय तर मग सगळी गप का?"

"गप न्हाईत. राहत्यात." त्यानं भात कालवला. "तू बी राहतीस की."

जुलै उजाडला. नयना मॅडम यायच्या आदल्या दिवशी सरांनी शाळा धुऊन काढली. जिना पुसता पुसता ते पट्टीपाशी थांबले आणि सुप्रभाला हाक मारली.

"ताई, हे काढावं लागेल."

"सर, पोरांनी मोजून लावलंय. नव्या अभ्यासक्रमातलं खरं झालेलं काम एवढं एकच हाय."

"म्हणून तर. मॅडम विचारतील, हे काय आहे. मुलं सांगतील. मग मॅडम काय लिहितील? शाळेची जागा धोक्याची. झालं! जागा बदला म्हणतील. कुठे बदलू? दोन वर्षं फिरलो तेव्हा ही मिळाली. परदेशी मुलांची शाळा म्हटलं की घरमालक वाकून नमस्कार करतात आणि दार लावून घेतात."

"पण सर, खोटं तर न्हाई ना ते?"

"खोटं कोण म्हणतंय!" सर पायरीवर बसले. हातातलं फडकं गळत होतं. "संपूर्ण वॉर्ड खाली आहे, ताई. लाखो लोक झोपतात, उठतात, लग्नं करतात. आणि आपले वर्ग वर आहेत. तुमच्या रेघेच्याही वर. आपण कोणाला बुडवतोय का?"

वर्ग वर होते, हे खरंच होतं. आणि वर वर्गात पूर्वी कुणाशीतरी भांडत होती, तिचा आवाज जिन्यात ऐकू येत होता. सुप्रभानं नख घातलं आणि पट्टी ओढायला सुरुवात केली. भिंतीचा रंग पट्टीबरोबर निघाला. तिथं सरांनी फुलपाखरांचे तक्ते लावले.

नयना मॅडम आल्या त्या साध्या होत्या, हसऱ्या होत्या. फणकारा कुठं न्हाई. पोरांनी पाठ केलेले प्रश्न विचारले. एकानं घाईत दुसऱ्याचाच प्रश्न विचारला आणि ज्याचा होता ते रडायला लागलं, तरी मॅडम रागावल्या न्हाईत. शेवटी त्यांनी फाइल उघडली.

"परिसराच्या धड्यात मुलांना काय सापडलं?"

हा प्रश्न पाठातला नव्हता. सर खिडकीशी उभे होते, ते बाहेर बघायला लागले. पोरांनी सुप्रभाकडं बघितलं. जयेशनं हात अर्धा वर केला होता आणि बाई काय म्हणतात त्याची वाट बघत होता. पूर्वी बघत होती. कॉलर तिच्या हातात होती, तोंडात नव्हती, पण हातात होती.

"झाडं मोजली, मॅडम," सुप्रभा म्हणाली. "गल्लीतली झाडं."

"छान. किती निघाली?"

तिनं एक आकडा सांगितला. मॅडमनी तो लिहून घेतला. जयेशचा हात हळूहळू खाली गेला.

घरी जाताना सायकलीवर मागनं पूर्वी एकच शब्द बोलली. "उसो." जपानीत खोट्याला उसो म्हणतात. पुढं दोन दिवस ती आईशी मराठीतनं बोलली न्हाई. बोलली, पण जपानीतनंच. सुप्रभानं मनाला समजावलं, बोलती तर हाय.

शाखा पास झाली. नुसती पास न्हाई. कमी साधनांत नवा अभ्यासक्रम कसा राबवावा याचा नमुना म्हणून संस्थेनं तिचं नाव सगळीकडं कळवलं. नदीपलीकडच्या इचिकावा गावापासनं आईबाप चौकशीला यायला लागले. ऑगस्टात खालचा कारखाना बंद झाला, मालक म्हातारा झाला होता. यंत्रं उचलून नेली त्या दिवशी इमारत एवढी शांत झाली की नदीवरच्या होड्यांचा आवाज वर्गात यायला लागला. सप्टेंबरात सरांनी सगळ्यांना खाली बोलावलं. जमिनीला नवी चटई, भिंतीला पिवळा रंग, बुटक्या खुर्च्या.

"बालवर्ग!" सर म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा खुलला होता. "तीन-चार वर्षांची मुलं. हॉटेलवाल्यांच्या बायकांनाही आता काम करता येईल. आणि ताई, वर्ग तुमचा. मॅडमनी तुमचं नाव घेऊन सांगितलंय."

सुप्रभा जमीन बघत होती. बाहेरच्या गल्लीपेक्षा ती दोन बोटं खालीच होती.

"सर, हितं बालवर्ग नगं. वर बसवू. थोरल्यांना हितं आणू."

"थोरल्यांची सगळी बाकं इथे मावत नाहीत. आणि जिन्यावर लहान मुलं पडली तर?"

"सर, तुम्हाला ठावं हाय. ती रेघ..."

"कोणती रेघ?"

सरांनी हे दरडावून विचारलं न्हाई. उलट आवाज खाली आणून, सरितासमोर तिची आब राखावी तसं विचारलं. "ताई, संस्थेकडे लेखी गेलंय. मुलांनी झाडं मोजली. आता तुम्ही म्हणणार, तेव्हा खोटं सांगितलं. मग शाखेचं काय होईल, तुमचं काय होईल, आणि..." पुढचं नाव त्यांनी घेतलं न्हाई. वरनं पूर्वीचा हसण्याचा आवाज आला.

सुप्रभानं बालवर्ग घेतला. आपण सोडला तर दुसरी कुणीतरी घेईल, आणि तिला तर काहीच ठावं नसंल, असं तिनं दिगंबरला सांगितलं. दिगंबर म्हणाला, बरोबर हाय. ती म्हणाली, बरोबर न्हाई हो. तो म्हणाला, मग सांग जाऊन मॅडमला. ती उठून भांडी घासायला गेली.

ऑक्टोबरात मोठं वादळ आलं. शनिवार होता, शाळेला सुट्टी. सकाळपासनं फोन कर्कश वाजत होते, वॉर्डाचे भोंगे नदीकाठच्या लोकांना हलायला सांगत होते. दिगंबरनं न्हाणीघरातल्या टबात पाणी भरून ठेवलं, पूर्वीनं दप्तरात आपली बाहुली कोंबली. तिघं जवळच्या मोठ्या शाळेच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसली. मोरिता आजी तिथं आधीच आलेली, पायाशी एक कुंडी घेऊन. सुप्रभाला बघून तिनं मान लववली. खिडकीतनं नदीची भिंत दिसत होती आणि भिंतीच्या अलीकडं-पलीकडं काय आहे हे दोघींनाच दिसत असल्यासारख्या त्या बसून राहिल्या.

पाणी भिंतीला लागून राहिलं. वर आलं न्हाई. पहाटेपर्यंत वारा पडला आणि सकाळी आभाळ असं निळंभोर झालं की माणसाला आपल्या भ्यायची लाज वाटावी.

शाळा उघडली त्या दिवशी सर बर्फीचा डबा घेऊन दारात उभे. "बघा ताई! एवढं वादळ, काही झालं?"

"न्हाई, सर."

"मग? उगाच जीव घाबरा करून घेता."

बालवर्गाच्या खोलीमागच्या न्हाणीघरात मोरीच्या जाळीतनं मात्र गाळ वर आला होता. काळा, गार, समुद्राच्या वासाचा. थोडाच होता. सरांनी बाह्या सरसावल्या आणि स्वतः पुसून काढला, वर औषध शिंपडलं. पोरं यायच्या आत जमीन वाळलीसुद्धा. वादळात शाळेला काही झालं न्हाई हे सगळीकडं पसरलं आणि महिनाअखेर बालवर्गात आणखी पोरं आली.

एका दुपारी, पोरं खाऊन झाल्यावर, सुप्रभानं सरिताला म्हटलं, "चल, ह्यास्नी वर न्यायला शिकवू."

"कुठं वर?"

"जिन्यानं. तिसऱ्या मजल्यापतोर."

"सर ओरडतील."

"खेळ हाय म्हणून सांगू. नव्या अभ्यासक्रमात खेळ बसतोय."

आधी तिनं स्वतः करून बघितलं. एक पोर काखेत, एक हाताला. वर पोचून खाली येईतो छातीचा भाता झाला, आणि खाली सगळी खोली तिच्याकडं बघत बसलेली, कुणी अंगठा चोखत, कुणी बूट उलटे घातलेलं. तिनं खोलीवरनं नजर फिरवली, आपल्या दोन हातांकडं बघितलं, सरिताच्या दोन हातांकडं बघितलं. मग पोरांना रांगेत उभं केलं.

"कठड्याला धरायचं. पुढच्याला ढकलायचं न्हाई. थांबायचं न्हाई. काय?"

"थांबायचं न्हाई!" पोरं ओरडली. हे मात्र त्यांना लगेच पाठ झालं.

रांगेत सगळ्यांच्या पुढं सुरुची होती, गल्लीच्या टोकाच्या हॉटेलातल्या वाढप्याची लेक, वर्गात सगळ्यांत बारकी. बारकीला पुढं ठेवलं की रांग तिच्या चालीनं जाईल, असा सुप्रभाचा विचार. सुरुची चार पायऱ्या चांगली चढली. मग तिला आपल्यामागं एवढी पोरं उभी आहेत याचा शोध लागला. ती गर्रकन वळली, पायरीवर ऐसपैस बसली आणि दोन्ही हात या भिंतीपासनं त्या कठड्यापर्यंत पसरले.

"तोओसेनबो!"

जपानी पोरांचा हा वाट अडवायचा खेळ. हात पसरून उभं राहायचं आणि कुणाला जाऊ द्यायचं न्हाई.

"सुरुची, ऊठ बाळा," वरनं सुप्रभा म्हणाली.

सुरुचीनं मान हलवली.

"ऊठ गं माझी बाय. पाणी आलंय असं समज. मागं पाणी आलंय, बघ."

सुरुचीनं खाली वाकून बघितलं. तिला पाणी दिसलं न्हाई. ती खळखळून हसली आणि हात आणखी ताणले. मागची पोरं पायरीपायरीवर अडकली, एकमेकांच्या पाठीला चिकटली. सगळ्यांत खाली सरिता एका रडक्याला कडेवर घेऊन, "काय झालं, काय झालं?" विचारत होती, आणि एकेक करत ती सगळी रांग, जागच्या जागी उभी राहून, हसायला लागली.